धामणदे त.ह., धामणदे त.बो.

७ जानेवारी २०२५, मंगळवार

लिही मास्तरीणबाई. बोलणारी जसोदाबाई, लिहिणारी नूतन मास्तरीण. मला अक्षर येत नाही आणि शाळा सुटल्यावर सव्वापाचच्या एसटीपर्यंत हिला काम नसतं. आमची ओसरी शाळेच्या भिंतीला लागून, म्हणून ही इथे येऊन बसते. मुलांना रोज पाच ओळी रोजनिशी लिहायला लावते, तेव्हा मी म्हटलं, मला का नाही? दिवाळीपासून चाललंय हे. मी 'शे' म्हणते, ती 'आहे' लिहिते. मी 'मन्हा पोर्‍या' म्हणते, ती 'माझा मुलगा'. वाचून दाखवते तेव्हा वाटतं, ही कोण शहाणी बाई बोलते आहे, हिला एकदा भेटायला हवं.

आज मात्र हिचा चेहरा उतरलेला. शाळेचं पत्र आलंय. धामणद्याच्या शाळेची पटसंख्या तेरा, म्हणून ती बंद करून मुलं जवळच्या धामणदे शाळेत पाठवावीत. दोन शाळांमधलं अंतर: शून्य किलोमीटर.

मी म्हटलं, शून्य म्हणजे मुलांनी जागेवरच गोल फिरायचं का? ती हसली नाही.

आता हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी लिही. धामणदे दोन आहेत. हे तापीकाठचं, धामणदे त.ह. आणि दुसरं तळोद्याच्या पुढे पहाडाच्या पायथ्याशी, धामणदे त.बो. त.ह. म्हणजे तर्फ हवेली, त.बो. म्हणजे तर्फ बोरद. जुन्या काळी वसुलीचे भाग होते, त्यांना तर्फ म्हणत. तर्फा गेल्या, शेपट्या राहिल्या. सातबार्‍यावर असतात, बोलण्यात कोणी वापरत नाही. मी त्या धामणद्याची लेक आणि या धामणद्याची सून. लग्न होऊन आले तेव्हा घोळ नको म्हणून सासूनं ठरवून टाकलं, हे धामणदे आणि ते 'वरलं'. तेव्हापासून आमच्या घरात 'माय वरल्याला गेली' असंच म्हणतात. बाहेरच्यांना मात्र मी सांगते, माहेर धामणदे, सासर धामणदे, एकाच गावातली एकाच गावात दिली. समोरचा डोकं खाजवतो. साठ वर्षं हा खेळ खेळते आहे.

एसटीचा हॉर्न वाजला. पळ.

९ जानेवारी, गुरुवार

माझा मुलगा हेमराज केळीचं पाणी सोडून तालुक्याला गेला, अर्ज घेऊन. दुपारी आला आणि चपला न काढताच खाटेवर बसला. तिथला कारकून चांगला माणूस, असं म्हणाला. त्यानं कॉम्प्युटरचा पडदा वळवून दाखवला. नकाशावर एकच ठिपका. दोन्ही शाळा त्याच ठिपक्यावर, एकीवर एक, जशा भाकरी दुरडीत. हेमराज म्हणाला, अहो, मधे एक तालुक्याचं गाव आहे. कारकून म्हणाला, मला ठाऊक आहे भाऊ, माझी सासुरवाडी तिकडेच. पण यादी वरून येते.

वरचे कुठून आणतात? तर एक उघडी यादी आहे म्हणे. जगातली सगळी गावं तिच्यात, कुठलं गाव कुठे आहे त्याच्या आकड्यांसकट. कोणीही वाचावी, कोणीही दुरुस्त करावी, कोणीही आपल्या यादीला जोडावी. मी म्हटलं, म्हणजे झापा नसलेलं खळं, फाटकच नाही. ज्याला वाटेल त्याचं ढोर आत. हेमराज म्हणाला, माय, मले झोपू दे.

मग फुलीबाई आली. ती आमच्या शेतावर राहते, तिच्या दोन मुली शाळेत आहेत, तिसरीत आणि चौथीत. तेरातल्या नऊ मुलीच, आणि बहुतेकींचे आईबाप शेतावर मजुरीला. ती उभ्यानंच बोलली. शाळा गेली तर ती पोरींना गाडीत बसवून कुठे पाठवणार नाही. कापसाला नेईल. रागावून नाही म्हणाली, हिशेब सांगितल्यासारखं म्हणाली. तेच मला लागलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शाळेला सुट्टी, पण मास्तरीण तिळगूळ घेऊन आली, म्हणून लिहून होतंय.

पुण्याला मयूरीला फोन लावला. मयूरी म्हणजे हेमराजची मुलगी, माझी नात, कॉम्प्युटरवर असलीच कामं करते. तिनं नीट समजावलं. या याद्या एकमेकींना बांधलेल्या असतात. शाळांची यादी गावांच्या यादीला विचारते, दवाखान्याची शाळांच्या यादीला, एसटीची आणखी कुणाला. एकीनं चूक केली की सगळ्या ती उचलतात. मला लगेच कळलं. आमच्या गल्लीत एकीनं सांगायचं की अमकीची सून नांदत नाही. दहा जणींनी ऐकायचं. मग अकरावीनं विचारलं, खरं का गं? की दहा साक्षीदार तयार.

मी म्हटलं, मयूरी, तू करोनाच्या साली इथे ओट्यावर बसून असलंच काही करत होतीस ना? दिवसभर मांडीवर ते यंत्र. तेव्हा तू म्हणाली होतीस, मोठी माय, मी आपल्या तालुक्यातली गावं साफ करते आहे. मी शेजारीपाजारी सांगत फिरले होते, माझ्या नातीनं धामणदे जगाच्या नकाशावर ठेवलं. मग तूच सांग ना त्या लोकांना.

ती घाईनं म्हणाली, मीटिंग आहे, ठेवते. सणाच्या दिवशी मीटिंग.

हे सांगत होते तर मास्तरीणही लिहायची थांबली. म्हटलं काय झालं, तर म्हणे हात दुखतो. तीळ जास्त कुटले असतील.

२० जानेवारी, सोमवार

मयूरी आली. न सांगता, सकाळच्या गाडीनं. तिची आई रंजनाबाई धावली, बॅग घेतली, वाटलं नोकरी गेली. पोरीचे डोळे सुजलेले. चहा घेतला नाही. माझ्यासमोर खाली बसली आणि यंत्र उघडून दाखवायला लागली. मला काय दिसणार? मुंग्या. मी म्हटलं, तोंडानं सांग.

मग सांगितलं. त्या साली यादीत दोन नावं होती, धामणदे त.ह. आणि धामणदे त.बो. एकापुढे ठिकाणाचे आकडे होते, दुसर्‍यापुढे रिकामं. तिला वाटलं, गाव एकच असेल, कुणीतरी दोनदा लिहिलं. शेपट्या म्हणजे कचेरीचा कचरा. तिनं दोन्ही एकत्र केली, शेपट्या पुसल्या. आकडे राहिले ते वरल्याचे.

मी म्हटलं, अगं, पण वरलं तुला ठाऊक नव्हतं का? लहानपणी दोनदा आली आहेस माझ्याबरोबर.

ती म्हणाली, "वरलं ठाऊक होतं, मोठी माय. वरल्याचं नाव धामणदे आहे, हे या घरात मला कधी कोणी सांगितलं?"

खरं आहे. कोण सांगणार? आम्ही तो शब्दच वापरत नाही.

पण ती तेवढ्यावर थांबली नाही. म्हणाली, मी मनानं नाही केलं, मी विचारलं होतं. इथेच, ओट्यावर. तू शेंगा फोडत होतीस. मी विचारलं, धामणदे त.ह. आणि धामणदे त.बो., दोन आहेत का एक?

"मग मी काय म्हटलं?"

"तू म्हणालीस, एकच शे बेटा. मी तठलीच आणि आठलीच."

तिथलीच आणि इथलीच. मला आठवत नाही. पण मी म्हटलं असणार. मी दुसरं काय म्हणते?

आणि पुढचं ऐक. त्या यादीत जे बदलतात त्याला आधार लिहावा लागतो, कोण म्हणतं म्हणून. तिनं लिहिलं, स्थानिक ज्येष्ठ रहिवासी, वय त्र्याहत्तर. ती मी. ते पाच वर्षं तिथे आहे. जगभरात कोणी विचारलं, धामणदे एक की दोन, तर यंत्र सांगतं, एक, एका म्हातारीनं सांगितलंय. आयुष्यात माझं एक वाक्य कुठे लिहिलं गेलं, तर ते हे.

मी हसायला गेले, हसू फुटलं नाही. मयूरीच्या डोक्यावर हात ठेवला. तिला वाटलं मी रागावले. मी दमले होते, दुसरं काही नाही.

मास्तरीण, तुला हे संक्रांतीलाच कळलं होतं ना? तरी म्हटलं हात कसा दुखतो.

२३ जानेवारी, गुरुवार

मयूरीनं दुरुस्ती केली. सकाळी केली, दुपारी कुणीतरी परत पहिल्यासारखं केलं. कुठल्या मुलखातला माणूस आहे देव जाणे, त्यानं धामणदे पाहिलं नाही, पण म्हणतो पुरावा दाखवा. मयूरीनं दुसरी यादी दाखवली, तर तीही पहिलीवरूनच उतरवलेली. तिसरी दुसरीवरून. मयूरी तीन दिवस तेच करते आहे, आंघोळीलाही तिची आई ओढून नेते. आणि तिथे सुधारलं तरी कचेरीतली यादी गेल्या वर्षी उतरवून घेतलेली आहे, ती आपोआप सुधारत नाही.

हेमराज आणि मास्तरीण मोठ्या साहेबांना भेटले. साहेब म्हणाले म्हणे, यादी चुकली आहे हे मला दिसतं, पण मला दिसतं असं लिहायला यात रकाना नाही. मग त्यांनीच वाट काढली, माणूस पाठवतो, प्रत्यक्ष पाहणी होऊ द्या. पाहणीत वेगळं निघालं तर पत्र थांबेल. मात्र फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच, नंतर याद्या पक्क्या होतात.

मास्तरीणला विचारलं, शाळा बंद झाली तर तुला कुठे टाकतील? म्हणाली, कागदाप्रमाणे मुलांबरोबर, म्हणजे तुमच्या वरल्याला. मी म्हटलं, बरंच आहे, माझ्या माहेरी जाशील, चोळी-बांगडी मिळेल. तिनं वहीतून मान वर केली नाही. म्हणाली, मी जाईन हो आजी, मला एसटी मिळेल. मुलं येणार नाहीत.

गाडीला पण आज उशीर आहे.

२९ जानेवारी, बुधवार

काही नाही. गुडघे दुखतात. मयूरी पुण्याला गेली. जाताना पाया पडली तर मी म्हटलं, आता कुठल्या म्हातारीला काही विचारू नकोस. तिला ते झोंबलं. थट्टा करायला गेले की असंच होतंय हल्ली.

५ फेब्रुवारी, बुधवार

उद्या पाहणीचे साहेब येणार, अकरा वाजता. फुलीबाईनं आणि दोघी-तिघींनी शाळेचं अंगण सारवलं. रंजनाबाई विचारते, साहेबांना जेवायला काय करू? मी म्हटलं, भरीत कर. मग म्हणाली, आणि ते नाही जेवले तर? मी म्हटलं, आपण जेवू.

मला आज घास उतरला नाही. मास्तरीण, हे रंजनाबाईला वाचून दाखवू नकोस.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज एसटी गेली तर जाऊ दे, हेमराज सोडेल तुला. सगळं लिही.

अकरा वाजले, बारा वाजले. तेरा मुलं धुतलेल्या कपड्यांत, केसांना तेल, हलायची सोय नाही. साडेबाराला हेमराजचा फोन वाजला. वरल्याहून धर्मेंद्र, माझ्या भावाचा मुलगा. म्हणाला, "फुईले दे." फुई म्हणजे आत्या. मी फोन कानाला लावला तर म्हणतो, फुई, आमच्याकडे एक साहेब आलाय, धामणद्याची दुसरी शाळा शोधतोय. शाळेला दोनदा वळसा घालून आला. संडासाच्या मागेही बघितलं. हातातला फोन म्हणतो, तुम्ही पोचलात.

साहेब नकाशा लावून निघाले होते. नकाशानं नेलं ठिपक्यावर.

मी म्हटलं, धर्मेंद्र, त्याला आधी जेवायला घाल. मग इकडे लाव. तो म्हणाला, बसलाय, कळण्याची भाकर खातोय, तिसरी चालू आहे. आमच्या रंजनाबाईचं भरीत वाया गेलं ते गेलंच.

तिथून निघाले एक वाजता. तळोद्यात अडकले, पुढे उसाच्या ट्रॉल्या, पुढे रस्ता खणलेला. इथे पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. वयानं लहान, हेमराजचा धाकटा भाऊ शोभेल असा. जीपमधून उतरून आधी कंबर धरून उभा राहिला. मास्तरीणनं पाण्याचा तांब्या दिला. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, मॅडम, शून्य किलोमीटर मी आज पाठीनं मोजलं.

मला तो तिथेच आवडला.

मुलं मोजली, तेरा. खोल्या पाहिल्या. मग म्हणाला, अंतर मी लिहितो, पण कागद पुरा होत नाही. मूळ नोंदीला रहिवाशाच्या सांगण्याचा आधार आहे. तो खोडायला तशाच रहिवाशाचं सांगणं हवं, नाहीतर वरचे म्हणतील, एक म्हणतो एक आणि दुसरा म्हणतो दोन. त्या बाई हयात आहेत का?

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आहे अजून, थोडी.

मला वर्गात नेलं. पहिल्यांदाच त्या खोलीत आत बसले मी, भिंतीला भिंत असून. मुलांच्या बाकावर बसवलं, गुडघे हनुवटीला. समोर साहेब कागद घेऊन. दारात फुलीबाई, तिच्या दोघी मुली तिच्या मागे.

साहेब म्हणाला, "आजी, धामणदे त.ह. आणि धामणदे त.बो. ही गावं एक की दोन?"

काय सांगू, जिभेवर तेच आलं. साठ वर्षांचं वळण, आपोआप तोंडाशी आलं. मी ते गिळलं.

"दोन."

"तुम्ही आधी एक म्हणाला होता."

"थट्टा केली होती."

तो लिहिता लिहिता थांबला. थट्टेला बहुतेक रकाना नसावा. मग विचारलं, दोघांत अंतर किती?

मी म्हटलं, दूर शे. तो म्हणाला, दूर म्हणजे किती? मला किलोमीटर कुठले ठाऊक? मला जे ठाऊक ते सांगितलं. लग्नानंतर पाठवणी झाली ती पहाटे, बैलगाडीत. मी पंधरा वर्षांची. बैल दोनदा सोडले, एकदा नदीच्या कडेला, एकदा चिंचेखाली. इथे पोचले तेव्हा घरात दिवा लावत होते. वाटेत मी इतकी रडले की गाडीवान म्हणाला, बाई, बैल बिचकतील. पण गाडी हलली तेव्हा नव्हते रडले. निघताना रडायला लागले तेव्हा बाप गाडीजवळ आला होता.

मास्तरीण, हे तुझ्या भाषेत करू नकोस. जसं आहे तसं लिही. बाप म्हणाला,

"कसाले रडस बेटा? धामणदाथून धामणदामाच ते जाई र्‍हायनी."

धामणद्यातून धामणद्यातच तर चाललीस. मी हसले, आणि गाडी हलली. ते वाक्य मी तेव्हापासून ज्याला त्याला सांगत आले. लोकांना वाटलं जसोदाबाई विनोदी आहे.

साहेबाला म्हटलं, हे लिहायचं नसेल तर नको लिहू. एवढंच लिही की पहाटे निघालं तर दिवेलागणीला पोचतं. आणि या पोरी पायी जाणार नाहीत.

त्यानं सगळं लिहिलं. वाचून दाखवलं. त्याच्या मराठीत बापाचं वाक्य असं होतं: वडिलांनी सांत्वनपर उद्गार काढले. मी म्हटलं, बरं. अंगठ्याला शाई लावली. फुलीबाई दारातून गेली नाही, अंगठा उठेपर्यंत उभी होती.

आता हेमराजला हाक मार, तुला उशीर झाला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पत्र आलं. शाळा आहे तिथेच राहणार. या वर्षापुरतं असं त्यात नाही, पण कायमचं असंही नाही, असं मास्तरीण म्हणते. फुलीबाईला सांगितलं. ती म्हणाली, मग उद्या पोरींना डबा देते. बस, इतकंच.

मयूरीचा फोन आला. मोठ्या यादीत आता दोन धामणदी आहेत, शेपट्यांसकट. परत पुसायला आलेल्या माणसाला तिनं साहेबांचा कागद दाखवला. पण ज्यांनी आधीच उतरवून घेतलंय त्या याद्या किती, तिला ठाऊक नाही. औषधाची गाडी परवा वरल्यालाच गेली, आमच्या नावानं. ती एकेकाला पत्र लिहिते आहे. मी म्हटलं, जेवतेस का?

पत्रात अंतर लिहिलंय. मास्तरीणनं वाचलं, एकेचाळीस किलोमीटर. मी म्हटलं, पुन्हा वाच. एकेचाळीस. मला हा आकडा कोणी कधी सांगितला नव्हता, आणि मीही विचारला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी माझा भाऊ दोधू गेला. निरोप दहाला आला. हेमराज तापीपलीकडे होता, गाडी मिळेना, मग जीप, मग दुसरी जीप. मी पोचले तर त्याला नेलेलं होतं. अंगण झाडून झालं होतं. भावजय गजराबाई दारात बसली होती, रडता रडता म्हणाली, एकाच गावात देल्ही म्हणस ना बाई, मग इतला उशीर? माझंच बोलणं, माझ्याच पदरात. दोन वर्षं मी धरून चालले की माझ्याकडूनच कुठेतरी ढिलाई झाली. लुगडं बदलत बसले होते, ते बदलायला नको होतं.

एकेचाळीस किलोमीटर, दोन जीपा. तेवढा वेळ लागतोच, नाही का मास्तरीण?

लिही, लागतोच.